अंगठे

मार्चातच पान कडकडायला लागलं.
ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं तरी
कातरीखाली तुटायचं,
आणि चंपव्वा म्हणायची, "पान न्हवं, माझी हजारी तुटतीया."

मी निपाणीहून जत्राटला गेले होते
कागद घेऊन.
वर छापलेलं : पृथ्वीचं तापमान दीड अंशाच्या आत ठेवा.
त्याखाली : धूर ज्यांनी केला, भरपाई त्यांनी द्यावी.
मग नुसत्या रेघा, सत्तर,
कुठल्याशा मोठ्या सभेला पाठवायच्या.

मांडीवरचं सूप न उतरवता जैतुनबीनं विचारलं,
"दीड म्हंजे कितीसं गं?"
मी म्हटलं, तुला ताप चढतो ना, तसा पृथ्वीला.
"मला ताप चढला तरी
हजार वळाव्याच लागत्यात की."
शिबिरात शिकवलेली उपमा
तिथंच छाट झाली.

"आन् धूर केला म्हंजे?
आमीबी धूरच वळतो, दिसाला हजार."
सगळ्या हसल्या. जर्दा उडाला.
मला शिंक आली, त्यावर पुन्हा हसल्या.

कागद कुठल्या भाषेत, हे शेवंतानं विचारलंच.
एका बाजूला मराठी, मागं कन्नड.
"दोनी बाजू कोण वाचणार हाय तितं?"
सह्यांची सवय आहे या गल्लीला.
सासऱ्यांनी केल्या, नवऱ्यांनी केल्या,
निवेदनं, ठराव, काळ्या फिती,
खोक्यांच्या खोकी भरून गेलेल्या सह्या.
"त्यांचं काय झालं?"
तारीख पडलीय, मी म्हटलं.

पुराचं निघालं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

नदीला सीमा कळत नाही असं भाषणात म्हणतात.
मीही म्हटलंय, दोनदा, माइकवर.
पण वेदगंगेला कळते.
धरण तिकडं, दार तिकडं,
दार उघडल्याचा फोन मराठीत आला
मुरगूडच्या भाच्याकडून, रात्री दोनला.
नोटीस कन्नडमध्ये आली, सकाळी नऊला.
तोवर पाणी चुलीवर चढून बसलेलं.

पंचनाम्यात भिंती मोजल्या.
भिजलेला जर्दा मोजला नाही, तो मालकाचा.
मालकानं मात्र मोजला,
आणि आठ आठवडे मजुरीतून कापला.
"भरपाई ही आशी आस्ती व्हय?" जैतुनबी म्हणाली.
"मग आमी दिलीया."

मी शाईची डबी उघडली.

रेशनच्या यंत्राला हे अंगठे ओळखू येत नाहीत.
पान आणि तंबाखूनं रेघा घासून नेल्या,
काच पुसून पुसून दुकानदार दमतो.
माझ्या आईचाही असाच होता, गुळगुळीत,
तिनं त्या अंगठ्यावर मला शाळेत घातलं
आणि मी सही करायला शिकले, दोन लिप्यांत.
कागदावरही तेच. निळे डाग नुसते,
एकासारखा एक.
कोणता कुणाचा, संध्याकाळी मलाच सांगता येईना.

म्हणून प्रत्येक डागापुढं नाव लिहिलं
आणि नावापुढं पाणी :
चंपव्वा, कमरेपर्यंत.
जैतुनबी, दाराच्या कडीपर्यंत.
शेवंता, दिवळीतल्या देवापर्यंत, देव काढला होता.
पार्वतव्वा, माहीत नाही, ती तेव्हा बाळंतीण, पत्र्यावर होती.

बेळगावच्या कार्यालयातल्या मुलानं
कागद उजेडात धरला.
रेघा दिसत नाहीत, ताई, तो म्हणाला, चांगला मुलगा आहे,
आणि पाण्यासाठी तर रकानाच नाही.
वरचे लोक बाद करतील.

पुढच्या सोमवारी हे सांगायला परत गेले.
पाय जड झालेले, गल्लीच्या तोंडाशी उगाच थांबले.
चंपव्वानं ऐकून घेतलं.
दोरा दातानं तोडला, कट्टा बांधला.
"छाट इडी मालक फेकून देतोय व्हय, बाई?
इकतोय.
तीबी पेटतीच.
धाड तू."